सोळाव्या नंबरची देविका

लेस्टरचे शशी गोखले हे भूल देणारे डॉक्टर. तीस वर्षं त्यांनी ब्रिटिश जनतेला झोपवलं आणि निवृत्त झाल्यापासून स्वतःच दमलेले असतात. "काय करताय?" असं विचारलं तर "बसलोय" म्हणतात, आणि तेही अशा आवाजात, की जणू बसण्याची डबल शिफ्ट लागली आहे.

गेल्या महिन्यात त्यांना उठवलं ते सतीशने. सतीश हा महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचा संपादक आणि शशींचा तीस वर्षांचा मित्र.

"शशी, २००९ चा आपला हॉकी ड्राफ्ट आठवतोय? ती यादी पुन्हा लाव. आज मागे वळून बघताना कोण पहिलं हवं होतं, कोण शेवटी. बाहेरच्या स्पोर्ट्स साइट्सवर असलं फार वाचतात लोक."

"मी दमलोय रे."

"बसून लिहायचंय, पळायचं नाहीये."

ड्राफ्ट हे सतीशचंच खूळ. तो टोरांटोला मेव्हण्याकडे जाऊन आला होता. तिथे म्हणे बर्फावरच्या हॉकीत टीमवाले पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. म्हणून मंडळाच्या समर कॅम्पला, हिरव्या गवतावर, सोळा मुलं बाकांवर बसवली आणि चार बाप लोक कॅप्टन झाले. टीमची नावं हळद, मिरची, जिरं आणि हिंग. शशी हिंगचे कॅप्टन. सगळी व्यवस्था त्यांची, म्हणजे यजमान तेच. म्हणून प्रत्येक फेरीत आपण होऊन शेवटचा नंबर त्यांनी घेतला. आपल्याकडे पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरचे बसत नाहीत, तसंच.

जुनी हॉस्पिटलची डायरी सापडली, यादीही सापडली. पहिला नंबर वेद. का, तर त्याच्याकडे शिनपॅड, माउथगार्ड, हेल्मेट असं सगळं होतं. सीमाने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला गणपतीसारखा सजवून आणला होता. त्या उन्हाळ्यात वेदच्या स्टिकला चेंडू लागला तो दोनदा, त्यातला एकदा स्वतःच्याच गोलमध्ये. आज तो बेसिंगस्टोकला आयटीत आहे आणि खुर्चीत बसून त्याची पाठ गेली आहे. चौदावा गंधार. तो बाकावरून उठून डेझीची फुलं तोडत बसला होता. आज डर्बीजवळच्या एका क्लबाचा पक्का गोलकीपर आहे. इतकं चुकीचं निदान शशींनी आयुष्यात केलं नव्हतं.

आणि सोळावी देविका. शशींची मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची.

शशी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या टीमकडून खेळलेले. चेंडू कुणाच्या स्टिकला चिकटतो आणि कुणाच्या स्टिकला घाबरतो, हे त्यांना लांबून कळे. देविका त्या सोळांत सगळ्यांत चांगली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण स्वतःच्या मुलीला कसं उचलायचं? बाकीच्या तिघा कॅप्टननी तिला घेतलं नाही, कारण डॉक्टरांची मुलगी डॉक्टरच घेणार, मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. शशींनी तीन फेऱ्या तिला घेतलं नाही, कारण लोक काय म्हणतील. अशा रीतीने चार सभ्य माणसांनी मिळून एका पोरीला शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्या उन्हाळ्यात हिंगचे तेरा गोल झाले. अकरा देविकाचे. तेराव्या वर्षी तिने हॉकी सोडली. कारण सांगितलं, ओले मोजे आवडत नाहीत. शशींनी ते मान्य केलं.

आता कागदावर दोन ते सोळा लिहून झाले होते, पहिली ओळ कोरी. तेवढ्यात फोन. सीमा.

"शशीदादा, वेदचा पहिला नंबर राहील ना? नाही म्हणजे, त्याचं लग्नाचं बघतोय."

शशींनी फोन ठेवला आणि डोळे मिटले. त्यांच्या पत्नी श्यामलाताई चहाचा कप उचलायला आल्या.

"अहो, गार झाला हा. कोण बसत नाहीये पहिल्या ओळीत?"

"देविका."

"मग बसवा की."

"लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीला..."

"तेव्हा काय म्हणाले? वेदला घेतलं आणि आपल्याकडे श्रीखंड खाऊन गेले." श्यामलाताईंनी कप उचलला. "त्या दिवशी गाडीत तिने मला विचारलं होतं, आई, मी इतकी वाईट खेळते का?"

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मोठी झाली की कळेल."

देविका आता सत्तावीस वर्षांची, केंब्रिजला एका लॅबमध्ये. वाढलेली लेस्टरला, त्यामुळे तिच्या मराठीत बहुतेक वस्तू पुल्लिंगी. शशींनी तिला भर दुपारी फोन केला.

"बाबा? काय झाला? आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. देविका, तू पहिली होतीस."

"कशात?"

"हॉकीत. २००९."

"बाबा, तुम्ही बीपीचा गोळी घेतला का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंगत, यजमान, तीन फेऱ्या, सगळं. पलीकडे कसलंसं मशीन घुमत होतं.

"मग मला घेतला का नाही?"

"तू घरची होतीस."

पलीकडचं मशीन बंद झालं.

"मला मोजे काही प्रॉब्लेम नव्हते," ती म्हणाली.

"हं."

"सोळा वर्षं, बाबा! सेकंड क्लास पोस्टाने पाठवला असता तरी आधी पोचला असता."

"यादीत पहिलं नाव तुझं लिहितोय."

"लिहा किंवा नका लिहू. संडेला येते."

रविवारी नेमकी स्मरणिकेची मीटिंग त्यांच्याकडेच होती. यादी सतीशकडे गेलेली, ती सगळ्यांनी वाचलेली, आणि कुणीही तिच्याबद्दल बोलत नव्हतं. सीमा खिडकीबाहेरच्या ढगांचं कौतुक करत होती. टेबलाभोवती आठ खुर्च्या, माणसं बारा. देविका स्टेशनवरून आली आणि सवयीने थेट स्वयंपाकघरात वाढायला गेली.

"देविका, इकडे. तू बैस," शशी म्हणाले.

"पाहुणे बसू देत ना."

"पाहुणे थांबतील. सतीश, ऊठ."

"मी?" सतीशच्या हातात पुरी होती.

"पुरी घेऊन ऊठ."

सतीश उठला. शशींनी स्वतः ताट आणलं, मीठ-लिंबापासून सगळं वाढलं. भाजीचा एक ओघळ टेबलक्लॉथवर गेला. सीमाने श्यामलाताईंकडे पाहिलं, श्यामलाताईंनी ढगांकडे.

देविका ताटाकडे बघत राहिली.

"बाबा, मी ट्रेनमध्ये सँडविच खाल्ला. अजिबात भूक नाही."

"असू दे," शशी म्हणाले. "बस नुसती."

ती बसली. मग पुरीचा तुकडा मोडला. शशी खुर्चीमागे उभेच राहिले, हातात वाढायचा डाव धरून.