टिकारामची छिन्नी

भंडाऱ्यात भांड्यांवर छिन्नी-हातोडीनं नाव टाकणारा आता टिकाराम एकटाच उरला आहे. बाकीच्यांनी मशिनी घेतल्या. माझं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच. त्याचं अक्षर मोत्यासारखं, पण कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याच्या या गरीबपणाचा मला रागच येतो. मागल्या आठवड्यात भूषण नावाचा गाड्यांचा दलाल त्याला घेऊन गेला. एका पांढऱ्या गाडीचा चेसिस नंबर घासून काढायचा आणि तिथं दुसरा ठोकायचा, एवढंच काम.

"आकडेच तं होते," परत आल्यावर टिकाराम मला म्हणाला. "आकड्याचं काय पाप लागते?"

काल दुपारी लाखांदूरहून ज्योत्सना नावाची बाई आली. तेरवीत वाटायच्या पितळी वाट्यांवर तिला नवऱ्याचं नाव टाकायचं होतं. लिलाधर टॅक्सी चालवायचा. भाडं घेऊन गेला, तो नहराच्या पाण्यात सापडला.

"अन् गाडी?" टिकारामनं विचारलं.

"नाही भेटली, काकाजी. पांढरी होती."

तो मान खाली घालून ठोकू लागला. पहिली वाटी झाली तशी त्यानं तिच्या हातात दिली. बाईनं ती पदरानं पुसली आणि बघतच राहिली. मग पिशवीतून गाडीच्या कागदांची झेरॉक्स काढून तिनं वाटीशेजारी धरली.

"हा नंबर तुमाले कसा मालूम?"

मी वाकून पाहिलं. वाटीवर लिलाधरचं नाव नव्हतंच. कागदावरचा चेसिस नंबर होता, आकड्याला आकडा जुळणारा. आणि टिकाराम दुसऱ्या वाटीवर तोच ठोकत होता.