दस्ता कापलेली बंदूक

कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉ. सुप्रभा गद्रे नवरा गेल्यानंतर यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने उडवायला शिकल्या. रविवार खायला उठायचा, म्हणून एक नर्स त्यांना नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेली होती. लायसन्स मिळाल्यावर त्या स्वस्तातली पंप-ॲक्शन बंदूक घ्यायला दुकानात गेल्या.

दुकानदाराने नवी कोरी पुढे केली. पण तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब. खांद्याला लावली की काडतूस भरायची पुढची सरकती मूठ बुटक्या सुप्रभाताईंच्या हाताला पुरेना. मग त्याने आतून एक जुनी आणली. मिसेस हॉब्ज नावाच्या शेतकरीण बाईंनी तिचा दस्ता कापून आखूड करून घेतला होता. ताईंनी मूठ मागेपुढे सरकवून पाहिली, नळी उजेडाकडे धरली. आत गंज नव्हता. खांद्याला लावली तर गाल आपसूक जागेवर बसला.

“का विकली त्यांनी?”

“नजर गेली. चालवणाऱ्या बाईलाच द्या, म्हणाल्या.”

ताईंनी तीच घेतली, आणि दुकानदाराकडून पत्ता घेऊन पुढच्या रविवारी मिसेस हॉब्जना गाडीतून क्लबात आणलं. म्हातारी खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होती. पहिल्या तबकड्या हुकल्या.

“तबकडी सुटली की लगेच झाडतेयस, डॉक्टर,” ती म्हणाली. “एक श्वास थांब.”

ताई थांबल्या. तबकडी हवेतच फुटली, आणि तो आवाज ऐकून म्हातारीने टाळ्या वाजवल्या.