शून्याचे पेढे

धाकट्या भावानं कंपनी काढली ती लेंड्यांची. हसू नका. मीही हसलो होतो, अन् पुढं माझंच हसं झालं.

आमचं घराणं मेंढपाळाचं. चौसाळ्याच्या अंगाला आमची वस्ती, अन् वडलांनी, आमच्या आबांनी, उभं आयुष्य मेंढरं वळण्यात घातलं. लोकांच्या रानात कळप बसवायचा, रानाला खत मिळायचं, आम्हाला धान्य मिळायचं. तीच लेंडी गोळा करून, चाळून, पिशव्यांत भरून मोसंबीच्या बागवाल्यांना विकायची, असं धाकट्याच्या डोक्यात आलं. बरं, साधं दुकान टाकावं ना माणसानं? न्हाई. ह्याला प्रायव्हेट लिमिटेड पाहिजे.

माझं मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे. हातपंपानं हवा भरण्यापासून सुरुवात केली. आज नवे टायर विकतो, मशीनवर चाकं जोडतो, हाताखाली माणसं आहेत. दर साली आयकर भरतो, तोही वेळेवर. त्याबद्दल मला कुणी कटिंग चहासुद्धा पाजला नाही. सत्कार नकोच होता मला. आबांनी चारचौघांत एकदाच म्हणावं, "हा माझा थोरला, ह्यानं नाव काढलं." बास. एवढ्या एका वाक्याची वाट बघत माझे केस पिकले.

अन् इकडं कंपनी निघायच्या आधीच आबांच्या तोंडात दुसरा विषय नाही. "धाकट्याची कंपनी, धाकट्याची कंपनी." कंपनीला दोन डायरेक्टर लागतात असं कळलं, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसायला लागलो. म्हटलं, विचारील. कशाचं काय! त्यानं बायकोला डायरेक्टर केलं.

आमची ही भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुमाला कावून करतील? लेंडी उचलायची म्हणलं की तुमीच नाक मुरडीत होते." तिलाही नेमकं त्याच दिवशी खरं बोलायचं होतं.

सीए मात्र माझा. मीच दाखवून दिला, अन् बीडला जायला गाडीही माझीच. आबा नवा पटका बांधून पुढच्या सीटवर. माझ्या दुकानाचा नारळ फुटला त्या दिवशी हे मेंढरांमागं होते. कळप सोडून कसं यायचं, म्हणाले होते. आज कळप शेजाऱ्याच्या हवाली करून आले. मी गाडी प्रत्येक खड्ड्यात मुद्दाम घातली.

त्या ऑफिसात मी इतकी वर्षं जायचो तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसायचो, बिलांची पिशवी आतल्या पोरीकडं द्यायचो अन् निघायचो. त्या दिवशी थेट एसी केबिन. कपबशीतून चहा. सीए आबांना म्हणाला, "हे तुमचे थोरले आमचे फार जुने क्लायंट बरं का." माझी छाती फुगली. मी आबांकडं बघितलं.

"हां," आबा बशीत फुंकर घालत म्हणाले, "पंक्चर काढतो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पंक्चर! अहो, पंक्चर काढायला माझ्याकडं दुसरी माणसं आहेत!

मग सालाचा विषय निघाला. धाकट्यानं विचारलं, "कंपनीचं वर्ष कवा संपवायचं ते आमीच ठरवायचं ना, साहेब?"

"त्यात काय ठरवायचं?" आबा म्हणाले. "साल पाडव्याला मोडतं." आमच्याकडं मेंढरामागं गडी ठेवला तरी त्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आबांना दुसरं साल ठाऊकच नाही.

सीए हसला. "आबा, सरकारचं साल एकतीस मार्चलाच मोडतं. तिथं कुणाचं चालत नाही."

"अन् पाडवा एप्रिलात आला तर?"

"तरी मार्चलाच."

"सरकारात पंचांग न्हाई व्हय?"

डिसेंबर चालू होता. सीएनं समजावून सांगितलं की तुमच्या हातात एवढंच आहे, कंपनी आत्ता नोंदवायची की जानेवारी उजाडू द्यायची. आत्ता नोंदवली तर पहिलं वर्ष येत्या मार्चलाच संपणार. एक पिशवी विकली नसताना हिशेब, ऑडिट सगळं करत बसा. जानेवारीत नोंदवली तर कंपनी कायद्यानं पहिलं वर्ष थेट त्याच्या पुढच्या मार्चपर्यंत लांबतं. आयकरवाले मात्र थांबत नाहीत. कमाई असो नसो, त्यांना येत्या मार्चपर्यंतचं रिटर्न वेगळं भरून द्यावंच लागतं.

मला तेवढीच फट सापडली. म्हटलं, दिसू दे लोकांना रिकामा हिशेब. "आत्ताच करून टाका," मी म्हणालो. "लांबड कशाला?"

"गप," आबा म्हणाले. "कोकरू निघाल्या निघाल्या कातरतो का आपण? लोकर येऊ दे अंगावर."

सीएनं टेबलावर थाप मारली. "लाखात एक बोललात, आबा!" मला कधी असं म्हणाला नाही तो. कंपनी जानेवारीत नोंदवली.

दसऱ्याच्या आगंमागं धाकटा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. कंपनीचं पहिलं रिटर्न भरलं म्हणे. कमाई शून्य, टॅक्स शून्य. त्याचे पेढे! आबांनी रिटर्नचा कागद देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदीकुंकू वाहिलं, अन् ओट्यावर बसून येईल त्याला सांगायला लागले, "धाकट्यानं कंपनीचा टॅक्स भरला."

भरला? काय भरला? माती?

मला राहवलं नाही. तसाच दुकानात गेलो अन् गल्ल्याखालचा माझ्या रिटर्नचा कागद घेऊन परत आलो. ओट्यावर चार माणसं बसली होती, बसू दे. "आबा, हे बघा! हा माझा टॅक्स. दर साली भरतो. खऱ्या पैशानं भरतो. ह्याचं शून्य हाय, शून्य!"

धाकट्यानं मान खाली घातली. आबांनी माझा कागद उलटासुलटा करून बघितला.

"म्हंजी दर साली सरकार तुझ्याकडून पैसं घेतं?"

"हां!"

"अन् ह्याच्याकडून?"

"छदाम न्हाई!"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. चारचौघं होतेच. म्हटलं, आता येतंय ते वाक्य.

आबांनी धाकट्याकडं मान वळवली. "ऐकलं का रे? पुढच्या साली दादाचं बी शून्य करून दे तुझ्यासारखं."

ओट्यावरची माणसं खो खो हसली. शून्य म्हणजे कमाई नसणं, हे मी सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आबांनी स्वतःच्या हातातला पेढा माझ्या तोंडात घातला, अन् माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लई वर्सं एकटंच भरतंय लेकरू," ते म्हणाले. "आदी सांगायचं न्हाई व्हय?"

आबांनी मला लेकरू म्हणल्याला किती वर्षं झाली होती, आठवतही नव्हतं. मी पेढा चघळत उभा राहिलो. शून्याचं त्यांना आजवर सांगितलेलं नाही.