पाचवा बुडबुडा

गॅसच्या कारखान्यात त्यांना सगळे बुडबुडे म्हणत. भरलेला सिलिंडर पाण्याच्या हौदात बुडवायचा, तोंडाशी बुडबुडा उठतो का ते डोळ्यात तेल घालून बघायचं आणि उठला तर सिलिंडर बाजूला काढायचा. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि आयुष्यभर काळजी केली. हौदापाशी निदान काळजीचा पगार मिळायचा. घरी ती फुकटात चालायची. परगावी असलेल्या मुलाचा फोन उशिरा आला की अपघात, बायको दुपारी जरा जास्त झोपली की रक्तदाब. "माझ्या घोरण्यावर तरी विश्वास ठेवा," बायको म्हणायची.

निवृत्ती तोंडावर आली असताना साहेबांनी त्यांना बोलावलं. सिलिंडरच्या तोंडातलं रबरी वायसर बदलून नव्या प्रकारचं बसवायचं घाटत होतं. कारखान्यातून निघताना प्रत्येक सिलिंडर हौदात बुडायचाच, पण घरोघरी उघडझाप होऊन वायसर झिजल्यावर काय होतं, ते हौदाला कुठून दिसणार? म्हणून यंत्रावर मुद्दाम झिजवलेली वायसरं तपासायची. जुन्या प्रकारची झिजल्यावर शंभरात दोन गळत. नवी त्याहून जास्त गळतात का, हे संख्याशास्त्राच्या रीतीने बघून बुडबुड्यांनी सही करायची होती. एका सहीवर कितीतरी घरांच्या शेगड्या!

घरात संख्याशास्त्र होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. सून कॉलेजात तेच शिकवायची. सासऱ्याने सुनेसमोर वही उघडून बसायचं म्हणजे अवघडच, पण बसले बिचारे.

"बाबा, आधी धरून चालायचं की नवं वायसर जुन्यासारखंच आहे, काही बिघडलेलं नाही. याला शून्य गृहीतक म्हणतात."

"असं कसं धरू? मी तर धरून चालतो की गळतंय. गळत नाही हे आधी दाखवा, मग सोडतो."

"मग तुम्ही कायमचे हौदापाशीच बसाल."

"बसलेच आहेत," स्वयंपाकघरातून आवाज आला.

सून हसली, पण मुद्दा सोडला नाही. वायसर जुन्यासारखंच असलं, तरी शंभरात कधी तीन गळतील, कधी चार. तो निव्वळ योगायोग. पण इतकी गळाली, की केवळ योगायोगाने तसं घडणं फारच विरळा, तर मात्र वायसरलाच दोष द्यायचा. विरळा म्हणजे किती, ती रेषा चाचणीच्या आधी ओढायची. एकदा ओढली की आकडा बघून हलवायची नाही.

"आणि ओढायची कुठे?"

"योगायोगाने तसं घडायची शक्यता शंभरात पाचहून कमी असली तर विरळा, असं पुस्तकात धरतात. त्या हिशेबाने शंभर तपासून सहा वायसरं गळाली तर नवं नाकारायचं. पाचपर्यंत नाही."

बुडबुड्यांना एकदम हायसं वाटलं. दुसऱ्या कुणीतरी ओढलेली रेषा त्यांना आयती मिळाली होती. ती कुठून आली, कशासाठी आली, हे विचारायची त्यांना एरवी कोण खोड. पण नेमकं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

चाचणीच्या दिवशी ते हौदापाशी असे उभे राहिले, की जणू पाण्यात त्यांचाच जीव बुडवला होता. पहिला बुडबुडा लवकर आला. मग दुसरा, तिसरा. मग चौथा. संपत आलं असताना पाचवा आला, बारीक, लाजल्यासारखा. शेवटच्या वायसरपर्यंत ते श्वास रोखून बघत राहिले. सहावा आला नाही.

"झालं तर!" साहेब खूश झाले. "दोन्ही वायसरं सारखीच, सिद्ध झालं. करा सही."

"सिद्ध नाही झालं साहेब. फरक आहे असं म्हणता येत नाही, एवढंच झालं."

"तेच ते!"

तेच ते नव्हतं. बाजूला जाऊन त्यांनी सुनेला फोन लावला. "पाच आलेत गं. आणखी शंभर घेऊ का?"

"आधी दोनशे ठरवली असती तर घेतली असती, बाबा. आता पाच बघून तुमचा धीर सुटलाय. मनासारखं सापडेपर्यंत शोधत राहिलात तर कधी ना कधी सापडणारच. रेषा ठरली होती ना?"

ठरली होती. त्यांनी सही केली. त्या क्षणापासून त्यांना अन्न गोड लागेना.

काही दिवसांनी घरचा सिलिंडर संपला आणि नवा आला, नव्या वायसरचा. बुडबुड्यांनी साबणाचा फेस करून सिलिंडरच्या तोंडाला लावला आणि वाकून बघत राहिले. फेस हलला नाही. बायको भांडं घेऊन मागे उभी होती. सून लायटर घेऊन पुढे झाली, शेगडीपाशी थबकली आणि मागे वळून तिने आधी खिडकी उघडली.

बुडबुडे तिच्याकडे बघतच राहिले.

"बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ती रेषा पुस्तकातली होती. साबणाच्या वडीचं वजन तपासायलाही मी तीच शिकवते. इथे काय तपासतोय, चुकलं तर कुणाचं काय जाईल, हे मी तुम्हाला विचारायलाच हवं होतं."

"मीही सांगितलं नाही," बुडबुडे म्हणाले. "कुणीतरी ठरवून दिलं, तेवढ्यानेच मला बरं वाटलं. उद्या साहेबांना सांगतो, चाचणी नव्याने घ्यायची. वायसरं जास्त, आणि रेषा आपली, आधीच ठरवलेली. तोवर जुनंच वायसर."

"ऐकतील?"

"नाही ऐकलं तर सही मागे घेतो." बोलता बोलता त्यांनी सिलिंडरवरचा फेस पुसला.

"म्हणजे गळत नाहीये ना हे?" बायकोने विचारलं.

सासरा आणि सून एकमेकांकडे बघू लागले. खरं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं आणि ते बायकोच्या काही कामाचं नव्हतं.

"गळताना दिसलं नाही," बुडबुडे म्हणाले.

"अहो, मग चहा टाकू की नको?"

बुडबुड्यांनी सुनेच्या हातातून लायटर घेतला. "तुम्ही दोघी बाहेर व्हा."

बायकोने भांड्यात पाणी ओतलं, सुनेने साखरेचा डबा काढला. बाहेर कुणीच गेलं नाही.