किरकोळ

ज्याच्या पायावर लोखंड पडलंय त्याला ‘राईचा पर्वत करू नकोस’ असं सांगण्याचा हक्क कुणाला असतो?

भिलाईत भट्टी उभी राहत होती तेव्हा मरोद्याकडच्या औषधाच्या शेडमध्ये ठेकेदाराचा एक कारकून बसायचा. आमच्याच विदर्भातला. कानामागे पेन्सिल, पुढ्यात जखमींचं रजिस्टर. कुणी विव्हळत आलं की आधी पाणी द्यायचा, पट्टी बांधायचा आणि मग प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द लिहायचा: किरकोळ.

एकदा विटा वाहणाऱ्या एका रेजेचा, म्हणजे मजूर बाईचा, पाय लोखंडी पाट्याखाली सापडला. मी तेव्हाही मजुरांसाठी पत्रकं काढायचो; मीच तिला त्या शेडमध्ये नेलं. त्याने तेच लिहिलं. मी टेबलावर मूठ आपटली.

“कावून राईचा पर्वत करून राहिला, भाऊ?” तो हळूच म्हणाला. “मी ‘गंभीर’ लिहिलं का ठेकेदार उद्यापासून हिले गेटातच घेत नाही. तुह्या पत्रकानं हिची चूल पेटते का?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने सुजलेला पाय लुगड्याखाली ओढला आणि त्याच्याच बाजूने मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात औषधाची पेटी उतरवताना त्याचीच बोटं चेंगरली. त्याने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: किरकोळ.

तो मजुरांना वाचवत होता की ठेकेदाराला, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून त्याचं नाव या पत्रकात घातलं नाही. तुम्हाला कुणाच्या हातापायाला पट्टी दिसली, तर त्याला गेटापासून दूर न्या आणि किती लागलंय ते त्यालाच विचारा.