वाल्मिरने मला थांबायला सांगितलं होतं

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

वाल्मिर ब्राझीलचा. फुटबॉलमध्ये स्ट्रायकर. जपानच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायला आला, एका मोसमात संघाचे सर्वांत जास्त गोल त्याचेच. मग गुडघा गेला. संघाने सोडलं, बायको मुलाला घेऊन मायदेशी परतली, आणि हा टोकियोजवळच्या उरायासुत लहान मुलांचा कोच होऊन राहिला. माझी इरा त्याच्याकडे शिकायची. आम्ही दोघंही परके, दोघांचंही जपानी मोडकंतोडकं — म्हणूनच जमलं असेल. रविवारी घरी यायचा. साबुदाण्याची खिचडी खाताना म्हणायचा, "साबुदाणा ज्याचा करतात, तो कंद मूळचा आमचा!"

भूकंप झाला त्या दुपारी सरावाला पालकांपैकी देखरेखीची पाळी माझी होती. मैदान समुद्रात भर घालून केलेलं. जमीन हलली, मग भेगा पडून राखाडी चिखल वर यायला लागला. केंता नावाचा एक लहानगा घाबरून बंधाऱ्याकडे पळत सुटला. वाल्मिर ओरडला, "माने-सान, तुम्ही मुलांपाशी थांबा! मी त्याला आणतो." आणि तसल्या गुडघ्यानिशी धावला.

मी थांबलो का? इराला उचललं आणि घराकडे पळालो. बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती. ते दिसलं मला.

मुलांना काही झालं नाही. पण कुणाची तरी आई पोचली तेव्हा सगळी मुलं चिखलात एकटीच रडत उभी होती.

पुढे पालकांची बैठक झाली. मुलांना वाऱ्यावर का सोडलं, असं वाल्मिरला विचारलं. तो म्हणाला, "माने-सानना सांगून गेलो होतो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "नाही. मी त्याआधीच निघालो होतो."

त्याने वाद घातला नाही.

त्याचं काम गेलं. मग कोण त्याच्या हाती मुलं देणार होतं? जायच्या आधी निरोप घ्यायला आला होता. मी घरातच होतो — दार उघडलं नाही.

इथवर सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

कोच का गेला, हे इराच्या कानावर आलंच. आठ वर्षांची पोर. म्हणाली, "बाबा, कोचने तुला थांबायला सांगितलं होतं ना? मी ऐकलं होतं."

"नाही गं बाळा. घाबरली होतीस ना, म्हणून तुला तसं वाटतंय."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर तिने विचारायचं सोडलं. फुटबॉलही.

आता ती आईबरोबर पुण्यात असते, कॉलेजात. मी इथेच, नोकरीपायी. रविवारी कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, काहीतरी आणून खिडकीशी बसून खातो, मग त्यांना फोन लावतो. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तिची मैत्रीण आली होती आणि इरा तिला भूकंपाचं सांगत होती — "आमचा कोच होता ना, तो आम्हाला तसंच टाकून गेला. बाबाने मला उचलून घरी आणलं." अगदी काल पाहिल्यासारखं सांगत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना रे, बाबा?"

मी "हो" म्हणालो.