समोरची बांगडीवाली

जरीपटक्याच्या बाजारात माझ्या साडीच्या दुकानासमोर बसणाऱ्या बांगडीवालीचा मला हेवा वाटतो. एकदा एका बाईनं भारी साडी भाव न करता घेतली, म्हणून मी खुशीत होतो. बांगडीवालीनं मात्र तिला पायरीवरच थांबवून हळूच विचारलं, "बाई, जीव द्यायचा विचार करून राहिली का?"

मी भडकलो. "माह्यं गिऱ्हाईक काहून अडवून राहिली वं?"

पण बाई रडत खाली बसली. कोराडीहून तिची आई येईपर्यंत बांगडीवालीनं तिचा हात सोडला नाही.

"तुले कसं समजलं?" मी नंतर विचारलं.

"जे बाई भावच करत नाही, तिले उद्याची फिकीर नसते, भाऊ."

आईनं हात जोडले ते तिलाच. मला 'काय झालं?' एवढंही विचारायचं सुचलं नव्हतं. त्याचा राग मी अजून बांगडीवालीवरच काढतो.